फळ्यावरनं घरापर्यंत

गेटमधून आत आलं की डाव्या हाताला जो काळा फळा दिसतोय ना, तो या हायस्कूलचा पेपर समजा. वरती तारीख आणि वार, खाली सुविचार, त्याच्या खाली पट आणि हजेरी, मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली 'सूचना'. आज सोमवार आहे, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरलीय, आणि शिपाई मामांनी ओल्या फडक्यानं फळा पुसून ठेवलाय, अजून वाळतोय.

हे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगराकडेचं एक हायस्कूल. पाचवी ते दहावी. मी याच शाळेत शिकलो, म्हणून कॅमेरा घेऊन आठवडाभर इथंच राहिलो. मला बघायचं होतं की एक साधी सूचना, समजा 'शुक्रवारपर्यंत सह्या करा' एवढीच, ती हेडसरांच्या टेबलावरनं निघून एखाद्या पोरीच्या घरी कशी पोचते, आणि कुठं अडकते.

आता पटाकडं बघा. दहावीचा पट आणि आजची हजेरी यात जो फरक दिसतोय तो तापा-खोकल्याचा नाही. दिवाळी झाली की इथली गावं रिकामी व्हायला लागतात. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मुकादम ट्रक घेऊन येतो, उन्हाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, फेडायची असते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, कुणी थेट कर्नाटकात ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. ट्रकमध्ये भांडी, पत्रे, सरपण, शेळी, आणि बारकी लेकरं. मोठ्या लेकरांना आजीकडं नाहीतर चुलत्याकडं ठेवतात, शाळा बुडू नये म्हणून. म्हणजे या दिवसांत शाळेत येणाऱ्या कितीतरी पोरांचे आईवडील तीन-चारशे किलोमीटरवर असतात, आणि घरातला एकमेव मोबाईलही त्यांच्यासोबतच असतो.

हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, मग सुविचार, दिनविशेष, पेपरातल्या बातम्या, आणि सगळ्यात शेवटी सूचना. मला विचाराल तर इथंच घोटाळा होतो. तोवर पोरं उन्हात पंधरा-वीस मिनिटं उभी राहिलेली असतात, पाय दुखत असतात, मागच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली असते, आणि माईक एकतर शिट्टी मारतो नाहीतर बंद पडतो. आणि त्यातच सर वाचतात की दहावीच्या विद्यार्थ्यांनी बोर्डाच्या प्री-लिस्टवर शुक्रवारपर्यंत नाव तपासून सही करायची आहे.

प्री-लिस्ट म्हणजे काय, तर बोर्डाचा ऑनलाइन फॉर्म भरून झाला की शाळेच्या लॉगिनला एक यादी येते. त्यात प्रत्येक पोराचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम. ही यादी प्रिंट करायची, पोरानं आपल्या ओळीतलं एकेक अक्षर तपासायचं आणि सही करायची. हॉल तिकिटावर हेच येणार, मार्कमेमोवर हेच येणार, आणि पुढं अकरावी, आयटीआय, पोलीस भरती, जिथं जाल तिथं दहावीचाच मेमो मागतात. आत्ता चूक सापडली तर क्लार्कचं दहा मिनिटांचं काम, मेमो छापून आल्यावर सापडली तर संभाजीनगरच्या विभागीय मंडळाला खेटे. बीड, जालना, परभणी, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर अशा पाच जिल्ह्यांचं ते एकच ऑफिस आहे, इथनं जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि मजुरी बुडाली. एका अक्षरासाठी.

ही वही बघा. सूचना वही. कडेला दोऱ्यानं पेन बांधलेलं आहे. हेडसर सूचना लिहितात, मामा वही घेऊन वर्गावर्गात जातात, शिकवणारे सर थांबतात, मोठ्यानं वाचतात, वहीत सही करतात, मामा पुढच्या वर्गात. मी लहान असताना मामा दारात दिसले की आम्हाला आनंद व्हायचा, कारण सूचना म्हणजे बहुतेक सुट्टी. आता मामांची केसं पांढरी झालीत पण चाल तीच आहे.

सोमवारची वही वाचतो. एसटीचे पास शाळेतच मिळणार, मुलींचे फुकट, मुलांना साधारण तिसरा हिस्सा भरायचा. सहलीला जाणाऱ्यांनी पालकांचं संमतीपत्र आणायचं. अपार आयडी, म्हणजे पोरांचा सरकारी ओळख नंबर, काढायचा राहिलेल्यांनीही संमतीपत्र आणायचं. एनएमएमएस शिष्यवृत्तीवाल्या नववीच्या पोरांनी नव्या अर्जाची आणि दहावीच्या पोरांनी नूतनीकरणाची कागदं तपासायची. कबड्डीच्या टीमनं चार वाजता ग्राउंडवर थांबायचं.

दोन ठिकाणी पालकांची सही. आणि पालक कुठं आहेत ते मी मघाशी सांगितलं.

मंगळवारी मी वर्गशिक्षिका मॅडमचा फोन बघत बसलो होतो. दहावीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मॅडम रोज दुपारी फळ्याचा फोटो काढून टाकतात. फोटोवर दोन टिकवाले किती, एक टिकवाले किती, हे त्या संध्याकाळी बघतात. उसाच्या फडात रेंज नसते, दिवसभर ऊस तोडायचा, रात्री गाडी भरायची, मोबाईल चार्ज करायचा तर कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, लाईट नाही, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर नाहीतर जवळच्या किराणा दुकानात लावून यायचं. फोटो तीन दिवसांनी उघडला जातो. आणि उघडला तरी वाचायचं कुणी, बऱ्याच आयांना वाचता येत नाही, फळ्याचा फोटो त्यांच्यासाठी नुसता फळाच.

म्हणून मॅडमनी मागच्या वर्षीपासून लिहायचं सोडून बोलायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत स्टाफ रूमच्या मागं जातात, जिथं पोरांचा गोंगाट कमी येतो, आणि व्हॉइस मेसेज करतात. मी रेकॉर्ड केलेला एक ऐका. "ताई, दादा, नमस्कार. लेकरं बरी आहेत. दहावीच्या बोर्डाच्या यादीत तुमच्या लेकराचं नाव, तुमचं नाव बरोबर आहे का ते बघायचंय. शुक्रवारी शेवटचा दिवस आहे. रात्री जेवण झाल्यावर मला फोन करा, कितीही वाजू द्या." बस एवढंच. यात 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' असलं काही नाही, आणि मला वाटतं म्हणूनच फोन येतात.

इथं मी माझं सांगतो. मी 2012 साली आठवीत होतो. एनएमएमएस म्हणून केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांसाठी, आठवीत परीक्षा द्यायची, पास होऊन यादीत नाव आलं की नववी ते बारावी चार वर्षं पैसे. तेव्हा महिन्याला 500 होते, आता 1000, म्हणजे वर्षाला 12000. दोन पेपर, बुद्धिमत्तेचा आणि शालेय विषयांचा, 90-90 मार्कांचे. मला गणित बरं यायचं आणि सरांनी मला वर्गात सांगूनही ठेवलं होतं की तू बसायचं. पण ज्या दोन दिवसांत फॉर्मची सूचना फिरली त्या दोन दिवसांत मी आईवडिलांना ट्रकमध्ये सामान चढवून द्यायला घरी थांबलो होतो. परत आलो तोवर फळा पुसला होता. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो हेही मला माहीत नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नाही, सूचना वाचली गेली होती, वहीत सही होती, सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. फक्त मी नव्हतो. अकरावीला शहरात गेल्यावर खोलीचं भाडं भरताना दर महिन्याला मला ते 500 रुपये आठवायचे.

ही फिल्म त्या पुसलेल्या फळ्यापायी केलीय मी.

बुधवार-गुरुवारचं फार काही नाही, कबड्डीची टीम तालुक्याला जाऊन आली, हरली पण एका पोराची जिल्ह्याच्या निवडीसाठी नोंद झाली म्हणून गुरुवारी परिपाठात टाळ्या. चित्रकलेच्या सरांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्या दहावीच्या पोरांना वर्गात जाऊन सांगितलं की सर्टिफिकेटची झेरॉक्स द्या, प्रस्ताव शाळेनं बोर्डाला पाठवल्याशिवाय वाढीव मार्क मिळत नाहीत. ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3. एका पोराकडं बी ग्रेड होती आणि त्याला ते प्रस्तावाचं माहीतच नव्हतं, तो म्हणाला मला वाटलं आपोआप मिळतात. सरांनी त्याला तिथूनच सायकलवर घरी पिटाळलं.

प्री-लिस्टच्या सह्या मात्र गुरुवारी संध्याकाळपर्यंत झाल्या नव्हत्या. क्लार्क सरांच्या टेबलावर यादी होती, पाच-सहा ओळी रिकाम्या. सरांनी नावं एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी मामांकडं दिली, आणि मामा शाळा सुटल्यावर मोटरसायकलला किक मारून निघाले, मी मागं बसलो. ही त्यांची ड्युटी नाही हो. कुठल्याच परिपत्रकात शिपायानं वस्तीवर जाऊन सूचना सांगावी असं लिहिलेलं नाही. पण मामांना कोणतं पोरगं कुठल्या तांड्यावर आणि कुणाच्या आजीकडं राहतं हे तोंडपाठ आहे.

चार ठिकाणी काम झालं. पाचवं घर दहावीच्या एका मुलीचं, ती शाळेपासून लांबच्या वस्तीवर आजीजवळ राहते, मुलींसाठीची ती निळी मानव विकासची बस तिला रस्त्यावर सोडते आणि तिथनं पुढं ती चालत जाते. आम्ही पोचलो तेव्हा ती चुलीपुढं होती, भाकरी थापत. दोन दिवस आजीला ताप होता म्हणून शाळेत आली नव्हती. आजी मामांना म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय बाबा, पोरीला सांगा काय ते, ती शहाणी हाय." मामांनी यादीतल्या तिच्या ओळीचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. तिनं पीठाचा हात फडक्याला पुसला, फोटो मोठा केला, आणि लगेच म्हणाली, "मामा, आईचं नाव चुकलंय."

एकच अक्षर. आधारला वेगळं, इथं वेगळं, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला काय आहे ते बघायला पाहिजे. मामांनी तिथनंच क्लार्क सरांना फोन लावला, सरांनी रजिस्टर उघडलं, तर तिथली शाई पसरलेली. म्हणजे प्राथमिक शाळेचा दाखला बघावा लागणार. दाखल्याची झेरॉक्स पेटीत, पेटी त्यांच्या घरात, घराला कुलूप, चावी कुणाकडं ते बापाला माहीत, आणि बाप सांगली जिल्ह्यात फडावर, फोन बंद.

मॅडमनी व्हॉइस मेसेज टाकून ठेवला. रात्री साडेदहाला फोन आला. मॅडमनी सकाळी मला तो कॉल जसा सांगितला तसा सांगतो, की आधी बाप घाबरला, एवढ्या रात्री मॅडमचा मेसेज म्हणजे पोरीला काही झालं का. काही नाही म्हणल्यावर पहिल्यांदा श्वास सोडला, मग म्हणाला चावी आत्याकडं हाय, आणि मग म्हणाला, "मॅडम, चूक ऱ्हाऊ देऊ नका, तिच्या आईचं नाव हाय ते."

शुक्रवार, 7 नोव्हेंबर. फळ्यावर दिनविशेष मोठ्या अक्षरात, विद्यार्थी दिवस. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, जिला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिथं इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरला 1914 नंबरची नोंद, आणि तिथं त्या लहानग्याची सही आहे, शाळेनं ती आजवर जपून ठेवलीय. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. परिपाठात हे सांगायला सातवीचा एक पोरगा उभा होता, पाठ केलेलं विसरला, मग कागद काढून वाचलं. रजिस्टर, नोंद, सही हे शब्द माईकवरनं ऐकताना मला क्लार्क सरांच्या टेबलावरची ती रिकामी ओळ दिसत होती.

त्या दिवशी सूचना शेवटी वाचल्या नाहीत. हेडसर आले आणि म्हणाले, आजपासून सूचना आधी, सगळे ताजे असताना. आणि जो गैरहजर असेल त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं त्याचं नाव सांगायचं आणि सूचना त्याच्या घरी न्यायची. फळ्यावर रेघेखाली आणखी एक रकाना आखला, 'आज कोण आलं नाही, निरोप कोण नेणार'. मी हे सुचवलं नव्हतं, मी फक्त गुरुवारी रात्री काढलेलं शूटिंग सरांना दाखवलं होतं.

साडेअकराला ती मुलगी आली. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली झेरॉक्स, आत्याकडनं चावी घेऊन पहाटेच पेटी उघडलेली. क्लार्क सरांनी दाखला बघितला, यादीत लाल पेनानं दुरुस्ती केली, कॉम्प्युटरला नीट केलं, नवं पान काढलं. तिनं आधी स्वतःचं नाव वाचलं, मग वडिलांचं, मग आईचं, बोट ठेवून, ओठ हलवत. जन्मतारीख वाचली. विषय वाचले. पुन्हा एकदा आईचं नाव वाचलं.

मग दोऱ्याला बांधलेलं ते पेन घेतलं आणि सही केली.