शशिकांत वारिशे : कातळावरचा बातमीदार

(दृश्य : पावसाळ्यातला सडा, पाणी साठलेला कातळ)

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, जांभ्या कातळात एक भलामोठा हत्ती कोरलेला आहे. कोणी कोरला, कुणालाच सांगता येत नाही. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात कशेळी आहे, याच तालुक्यातलं बारसूही आहे.

राजापूरचे वार्ताहर शशिकांत वारिशे याच कशेळीचे.

सातबाऱ्यावर असला कातळ ‘पोटखराब’ म्हणून, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून पडतो. बाहेरून आलेल्याला तो ओसाडच वाटतो. पण पहिला पाऊस झाला की सडा हिरवा होतो, श्रावणात फुलांनी भरतो. जांभ्यातून पाणी जिरतं आणि खालच्या वाडीतल्या विहिरींना, पऱ्यांना (ओढ्यांना) मिळतं. उतारावरचे आंबे-काजू त्याच ओलाव्यावर उभे आहेत. सड्यावर कारखाना आला की विहिरीचं काय होणार, हा प्रश्न इथल्या बायकांना पडला तो उगाच नाही. पाणी भरायला त्याच जातात.

याच तालुक्यातल्या नाणारची तेल रिफायनरी २०१९ मध्ये रद्द झाली. २०२२ मध्ये तिच्यासाठी बारसूचं नाव पुढे आलं आणि जमिनींच्या व्यवहारांची चर्चा पुन्हा सुरू झाली. ‘एकच जिद्द, रिफायनरी रद्द’ म्हणणाऱ्या गावकऱ्यांची बाजू वारिशे ‘महानगरी टाइम्स’ या वृत्तपत्रातून मांडत राहिले. तालुक्याच्या वार्ताहराचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो बाजारात रोज समोर येतो. तरीही ते नाव घेऊन लिहायचे, हे मोठं धाडस होतं.

(दृश्य : वृत्तपत्राचं कात्रण)

६ फेब्रुवारी २०२३. सकाळच्या अंकात त्यांची बातमी होती. रिफायनरीचा समर्थक असलेल्या एका जमीन व्यावसायिकाचा फोटो फलकावर पंतप्रधान, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्र्यांच्या शेजारी झळकतोय, आणि त्याच्यावर तर गुन्हे दाखल आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याच दुपारी राजापूरजवळ महामार्गावरच्या पेट्रोल पंपापाशी एका जीपने त्यांच्या दुचाकीला धडक दिली आणि त्यांना फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. घरी आई आणि मुलगा.

जीप तोच जमीन व्यावसायिक चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याला अटक झाली, पण खुनाचं कलम लगेच लागलं नाही. राज्यभर पत्रकार रस्त्यावर उतरले, तेव्हा ते लागलं, विशेष तपास पथकही नेमलं गेलं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पत्रकार संरक्षणाचा कायदा २०१७ मध्येच मंजूर केला होता. वारिशेंना त्याचा काही उपयोग झाला नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

(दृश्य : बारसूचा रस्ता, एप्रिल २०२३)

एप्रिलमध्ये पोलीस बंदोबस्तात रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. बायका तापल्या रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा कुठे मोठ्या वाहिन्यांच्या गाड्या बारसूला पोचल्या. ही माणसं काय म्हणताहेत ते त्याआधीच वारिशेंनी छापून आणलं होतं. त्यांच्या बातम्यांची कात्रणं आज गोळा करायला हवीत, आणि ती राजापूरच्या वाचनालयात, कुणालाही मागून वाचता येतील अशी ठेवायला हवीत.