शंभर किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही!

नमस्कार मंडळी! न्यू शेपर्ड म्हणजे प्रवासी आणि प्रयोग अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत नेणारं ब्लू ओरिजिन कंपनीचं रॉकेट. त्याबद्दल काहीही लिहिलं की खाली प्रतिक्रियांत हेच येतं: 'शंभर किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपतं, म्हणून प्रवासी तरंगतात ना?' नाही, नाही आणि नाही!

उड्डाण थोडक्यात सांगतो. पश्चिम टेक्सासमधून रॉकेट सरळ वर जातं, कॅप्सूल सुटते, शंभर किलोमीटर ओलांडते आणि पॅराशूटवर खाली येते. दहा-अकरा मिनिटांत सगळं आटोपतं.

आता गुरुत्वाकर्षण. त्या उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे 97 टक्के असतं. तीन टक्क्यांनी कोण तरंगणार?

इंजिन साधारण 2 मिनिटं 20 सेकंदांनी बंद होतं. तेव्हा शंभर किलोमीटर बरंच लांब असतं, पण वेग ताशी 3,600 किलोमीटरच्या आसपास असतो. पुढची चढण हातातून सुटलेल्या चेंडूसारखी, नुसत्या वेगावर. आसन पाठीला रेटत नाही, म्हणून वजन जाणवत नाही. म्हणजे तरंगणं वर जातानाच सुरू होतं! सर्वोच्च बिंदूवर नवीन काही घडत नाही. उतरताना दाट हवा लागली की वजन परत येतं, तेही कित्येक पटींनी.

प्रयोग पाठवणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. तरंगायला मिळतात जेमतेम तीन मिनिटं; सर्वोच्च बिंदूची वाट पाहिलीत तर त्यातली जवळजवळ निम्मी गेली. नुसत्या घड्याळावरही विसंबू नका. इंजिन काही सेकंद पुढेमागे बंद झालं की वेळापत्रक कोलमडतं. त्वरणमापकाची (वेगातला बदल मोजणाऱ्या यंत्राची) नोंद बघून उपकरण सुरू होऊ द्या.

11 जुलै 2021 ला न्यू मेक्सिकोहून उडालेल्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीच्या युनिटी यानात प्रवासी शिरीषा बांदला यांच्याकडे रोपांच्या नळ्या होत्या. दट्ट्या दाबला की आतलं रसायन रोपांत मिसळतं आणि त्या क्षणीची जनुकांची स्थिती टिकून राहते. एक नळी रॉकेट पेटण्याआधी, दुसरी वजनरहित अवस्था येताच, तिसरी ती संपल्यावर. तिन्ही क्षण वजन बदलण्याशी बांधलेले, उंचीच्या आकड्याशी नाहीत.

अजून पटत नसेल तर हे बघा. 4 फेब्रुवारी 2025 ला न्यू शेपर्डची कॅप्सूल मिनिटाला सुमारे 11 फेऱ्यांनी स्वतःभोवती फिरवली आणि आतल्या प्रयोगांना दोनेक मिनिटं चंद्रावरच्याएवढं वजन मिळालं. पृथ्वीची ओढ होती तेवढीच होती. भिंतीने रेटलं, म्हणून वजन आलं.