गाळात रुतलेलं बंदर

ओहोटी लागली की ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यामागची खाडी नुसता काळा चिखल दाखवते. इथे एके काळी परदेशी जहाजं लागत, असं लोकलच्या दारात लटकणाऱ्याला सांगा. हसेल तो.

अकराव्या शतकात अल् बिरूनी या विद्वानाने कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचं नाव लिहून ठेवलं. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचं हे श्रीस्थानक. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट निघाले : शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ मधलं अरिकेसरी या शिलाहार राजाचं दानपत्र. त्या किल्ल्यात आता मध्यवर्ती कारागृह आहे.

शिलाहार संपले ते पाण्यावर. देवगिरीचा महादेव यादव हत्तींचं दळ घेऊन कोकणात उतरला. शेवटचा राजा सोमेश्वर जहाजांच्या आसऱ्याला गेला आणि तिथेच बुडाला. साल साधारण १२६५. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, लिहितो की सोमेश्वराने महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातली आग, पत्करला. जिंकणाऱ्याच्या पदरचा कवी, तो असंच लिहिणार. बोरिवलीत एक्सरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात.

राजा बुडाला, पण बाजार चालूच राहिला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याच्या चामड्याची आणि सुती कापडाची वाखाणणी करतो. जाता जाता आणखी एक सांगतो : इथल्या राजाचा चाच्यांशी करार होता. लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल त्यांचा. घोडबंदर रोडला तासभर अडकलात, तर हे घोडे जरूर आठवा.

पुढे पोर्तुगीज आले आणि त्यांनी वसईला मोठं केलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. झेंडे बदलत राहिले. खाडी मात्र गुपचूप भरत होती. हे या किनाऱ्याला नवं नव्हतं. अशोकाचा शिलालेख जिथे सापडला ते सोपारा, सातवाहनांच्या काळातलं कल्याण, दोन्ही आपापल्या काळची नामांकित बंदरं. पाणी उथळ होत गेलं, जहाजं मोठी होत गेली, आणि व्यापार खोल पाण्याच्या मुंबईकडे सरकला.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आगगाडी ठाण्याला पोचली. ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल उभा राहिला आणि जुन्या गलबतांच्या वाटेवरून गाडी कल्याणला गेली.