बदल केला तर आधी सांगाल ना?

[दृश्य: बुटीबोरी एमआयडीसी, सकाळची शिफ्ट बसमधून उतरतेय]

नागपूरहून वर्धा रोडने निघालं, मिहान मागे टाकलं की पुढे बुटीबोरी. आमचा प्लांट इथलाच, इंजेक्शनचा. मी क्वालिटीत आहे आणि माझं काम व्हेंडर बघायचं, म्हणजे वायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या), रबर स्टॉपर (त्यांची बुचं), स्टराईल म्हणजे निर्जंतुक पिशव्या हे सगळं ज्यांच्याकडून येतं त्यांना पास करायचं किंवा नाही म्हणायचं.

[दृश्य: इन्स्पेक्शन बूथ, अर्धा बोर्ड काळा, अर्धा पांढरा]

इथे ताई एकेक वायल उचलतात, हलकेच गोल फिरवतात, पाच सेकंद काळ्यापुढे, पाच सेकंद पांढऱ्यापुढे, दिवसभर हेच. काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात यातल्याच एका ताईंनी मला आवाज दिला, "भाऊ, पाहा बरं, आज धागे दिसून राहिले." मला आधी काहीच दिसलं नाही. त्यांनी वायल पुन्हा फिरवली तेव्हा काळ्या बाजूला एक पांढरा तंतू दिसला, पापणीच्या केसाहून बारीक, हळूहळू खाली उतरत होता. ते औषध कोणाच्यातरी शिरेत जाणार होतं, हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाच्या, आणि तिथे मध्ये पोट नाही की आतडं नाही, जे बाटलीत आहे ते सरळ रक्तात. माझे हातपाय गार पडले होते, खरं सांगतो.

तीन दिवस आम्ही आपल्याच घरात शोधत होतो, गाऊन तपासले, पुसायची कापडं तपासली, फिल्टर तपासले. शेवटी सापडलं टबच्या झाकणात. आमच्याकडे वायल धुऊन, स्टराईल होऊन टबमध्ये येतात आणि वर टायवेकचं झाकण हीटने चिकटवलेलं असतं. टायवेक हाताला कागदासारखं लागतं पण ते पॉलिथिलीनच्या अतिबारीक तंतूंचं असतं, त्यातून गॅस जातो, जंतू जात नाहीत. जुन्या लॉटचं झाकण सोललं तर सीलची रेघ स्वच्छ, एकसारखी. नवीन लॉटचं सोललं तर कडेने पांढरी लव उठलेली, कापसासारखी. सप्लायरला फोन केला तर कळलं की त्यांनी नवीन सीलिंग मशीन बसवलंय आणि टेम्परेचर थोडं वर घेतलंय. आम्हाला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे, सर, सगळं स्पेसिफिकेशनमध्येच आहे ना.

आणि होतंच. सील स्ट्रेंथ रेंजमध्ये, सर्टिफिकेटवर प्रत्येक ओळीसमोर पास. सोलताना तंतू सुटू नयेत हे आम्ही स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंच नव्हतं, आणि करारात एवढंच होतं की मोठे बदल कळवावेत, आता मोठा म्हणजे केवढा हे दोघांपैकी कोणीच ठरवलं नव्हतं. तो अख्खा लॉट आम्ही नष्ट केला.

तेव्हापासून मी सप्लायरला रेट सगळ्यात शेवटी विचारतो. आधी हेच, बदल केला तर आधी सांगाल ना? आणि मग यादी पुढे ठेवतो: रेझिन (कच्चं प्लास्टिक), सीलिंग मशीन, सेटिंग, साईट, स्टरिलायझेशन कुठे होतं ते, त्यांचा कच्चा माल देणारा, यातलं काहीही हललं तर सहा महिने आधी लेखी कळवायचं आणि आमची टेस्टिंग होईपर्यंत जुना माल द्यायचा. काही जण इथेच गप्प होतात. मग मी पुढे बोलत नाही.

ट्रेडरकडून घ्यायचं तर आणखी जपून, कारण सर्टिफिकेट एकाचं आणि माल भलत्याच गोदामात फिरून आलेला असू शकतो. अप्रूव्हल कंपनीच्या नावाला देऊ नका, ज्या पत्त्यावर माल बनतो त्या पत्त्याला द्या. आयएसओ १५३७८ चं, म्हणजे औषधाच्या पॅकिंग मालाच्या क्वालिटीचं, सर्टिफिकेट असेल तर चांगलंच, पण त्यावरचा पत्ता वाचा, स्कोप वाचा, आणि स्वतः जाऊन या.

[दृश्य: कार्टनवरचा लाल ठिपका, जवळून]

हा ठिपका पिवळ्याचा लाल झालाय म्हणजे कार्टन स्टराईल करायच्या गॅमा किरणांतून गेलं, एवढंच. डोस किती मिळाला ते डोसिमीटरचं रीडिंग सांगतं, साधारणपणे २५ किलोग्रे धरतात, ते रीडिंग लॉटनुसार मागा. नुसत्या ठिपक्यावर माल आत घेणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्याचा खरंच राग येतो.

आणखी एक, तुमचा सप्लायर स्वतः स्टराईल करतो की बाहेरून करून आणतो? अमेरिकेत इलिनॉय राज्यात विलोब्रुकला इथिलीन ऑक्साईडने स्टराईल करणारा एक प्लांट होता. त्या गॅसच्या उत्सर्जनावरून राज्य सरकारने २०१९ च्या फेब्रुवारीत तिथलं काम थांबवलं आणि त्यावर अवलंबून असलेली श्वासनलिकेत बसवायची एक ट्यूब, लहान मुलांनाही लागणारी, कमी पडायला लागली. ट्यूब बनवणाऱ्याच्या कारखान्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. म्हणून दुसरा सोर्स लागतोच, आणि तो शोधताना दोघं एकाच ठिकाणाहून स्टराईल करून आणत नाहीत ना, हेही बघावं लागतं.

सप्लायर नीट तपासून घ्या असं कायदाही आता सांगतो, स्टराईल औषधं बनवायचे युरोपचे नवीन नियम, म्हणजे अॅनेक्स १, हे २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहेत, आणि आपल्याकडचे औषधं बनवायचे नियम, म्हणजे सुधारित शेड्यूल एम, त्याच वर्षीच्या डिसेंबरचे.

[दृश्य: गेटवर ट्रक, मे महिन्याची दुपार]

आणि हे आपलं नागपूर. बाहेर ४५, बंद ट्रकच्या आत त्याहून जास्त, आणि ड्रायव्हर जेवायला ढाब्यावर थांबला तर गाडी उन्हातच उभी, त्यात त्याची काय चूक. म्हणून प्रत्येक गाडीत डेटा लॉगर, वाटेतलं तापमान नोंदवणारा. माल उतरवायच्या आधी रीडिंग काढायचं, लिमिटबाहेर असेल तर सगळं क्वारंटाईनला. मग लॉटमधले काही टब उघडायचे, झाकण सोलायचं आणि जपून ठेवलेल्या त्या जुन्या स्वच्छ झाकणाशेजारी धरायचं, काळ्या बोर्डापुढे. ते धरायला मी त्याच ताईंना बोलावतो. त्या मान हलवतात, मग मी सही करतो.