पंख उलटा करून बघा

(दृश्य: जळगावचा सराफ बाजार, सकाळची वेळ. काउंटरवर मखमलीचा तुकडा, त्यावर चांदीचे दोन पंख.)

जुनी चांदी घेऊन कुणी आलं की सराफ आधी विचारतो, मोड द्यायचीय का? तोरड्या, करंडे, तुटलेले कमरपट्टे, सगळं एका ताटलीत पडतं आणि वजनानं भट्टीत जातं. अशाच एका ताटलीत मला हा पंख दिसला. तीन इंच लांब, मधोमध ढाल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक छातीवर लावायचे तो बॅज. मोडीच्या भावानं मी तो सोडवून आणला, आणि तेव्हापासून या पंखांचा नाद लागला तो लागलाच.

(दृश्य: ढाल, अगदी जवळून.)

पंखाचा धनी कोण होता, ते पुढची बाजू सांगते. नुसती ढाल असेल तर पायलट. ढालीच्या वर तारा असला तर सीनियर पायलट, ताऱ्याभोवती पानांची माळ असली तर कमांड पायलट. बॉम्ब टाकणाऱ्याच्या पंखात निशाणाची वर्तुळं आणि त्यावर पडता बॉम्ब, नेव्हिगेटरच्या पंखात कड्याकड्यांचा खगोल.

ब्रिटिश पंख बहुतेक भरतकामाचे, कापडी. तिथं मुकुट बघायचा. कमानी घुमटासारख्या गोल असतील तर राजाचा मुकुट, मधे खोलगट दबल्या असतील तर राणीचा, म्हणजे पंख १९५३ किंवा त्यानंतरचा. राणीच्या मुकुटाचा पंख कुणी ब्रह्मदेशच्या लढाईतला म्हणून दाखवला, तर पैसे खिशातच ठेवायचे. आपलं हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ चं. १९४५ मध्ये नावामागे ‘रॉयल’ लागलं, १९५० मध्ये ते गेलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. ही तीन सालं पाठ असली तरी पुष्कळ काम होतं.

(दृश्य: पंख हळूच पालथा होतो.)

पण कुणी घडवला, ते कळतं पाठीवरून. न्यूयॉर्कचे एन. एस. मेयर, ॲटलबरोचे बाल्फोर आणि ॲमक्राफ्ट, लंडनचे जे. आर. गाँट, या सगळ्यांनी आपापलं नाव नाहीतर खूण पाठीवर उमटवली. शेजारी ‘स्टर्लिंग’ लिहिलेलं असलं तर हजारात ९२५ भाग चांदी. सराफाच्या बोलीत साडेब्याण्णव टंच. मेयरचं पूर्ण नाव नसून नुसतं ‘२२एम’ असेल, तर माल युद्धानंतरचा. मागे पिन आहे की दोन खिळे आणि दाबून बसवायच्या टोप्या, तेही बघावं. पण युद्धकाळात दोन्ही चालत होतं, म्हणून नुसत्या पिनेवरून निकाल देऊ नये.

आणि नावावर तर मुळीच विसंबू नये. हे मी पैसे मोजून शिकलो.

(दृश्य: मखमलीवरचा दुसरा पंख.)

हा पंख मी ऑनलाइन घेतला. पाठीवर मेयरचं नाव, चांदी खरी. बाजारातल्या काकांना दाखवला. काका मूळचे अमळनेरकडचे, चाळीस वर्षं चांदीच्या कामात. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पिसांच्या खाचेतून नख फिरवलं आणि अहिराणीत एवढंच म्हणाले, “हाई ओतेल शे.”

ओतीव! अस्सल पंख पोलादी ठशाखाली दाबून काढलेला असतो. त्याच्या कडा धारदार, पिसांच्या खाचा तळापर्यंत स्वच्छ. ओतीव मालात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात, कडा साबणासारख्या झिजलेल्या वाटतात. शिवाय चांदी थिजताना आकसते, त्यामुळे अस्सलावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल किंचित आखूड भरते. व्हर्निअर लावून मोजलं, आखूडच होती. मेयरचं नावसुद्धा त्याच ओतात आलेलं, अक्षरांच्या कडा फुगलेल्या.

(दृश्य: पुन्हा पहिला पंख, पालथा.)

आता ताटलीतून सोडवलेला हा. पाठ कोरी. ना नाव, ना टंच. डावीकडच्या खालच्या ओळीत नऊ पिसं, उजवीकडे दहा. पिनेची बिजागरी म्हणजे वाकवलेली तार, डाखाचा एक थेंब बाजूला ओघळून तसाच राहिलेला. घाईचा संग्राहक याला नकली म्हणून बाजूला सारेल. मला तो फार मोठा अन्याय वाटतो.

१९४२ ते १९४५ या काळात अमेरिकी वैमानिक आसामातल्या धावपट्ट्यांवरून उडून, हिमालय ओलांडून चीनला माल पोचवत होते. त्यांनी इथल्याच कारागिरांकडून बॅज करून घेतले, कुणी जरीत तर कुणी चांदीत. संग्राहक अशा मालाला ‘थिएटर मेड’, म्हणजे युद्धक्षेत्रातच घडवलेला, म्हणतात. घडवणाऱ्यांची नावं कुठं लिहिली गेली नाहीत. म्हणून तर हे पंख सगळ्यात आधी मोडीत जातात.

(दृश्य: काकांचे हात, नक्षीची बारीक छिन्नी.)

काकांनी गल्ल्याखालून आपली छिन्नी काढली आणि तिचं पातं पंखाच्या एका खाचेत अलगद टेकवलं. नेमकं बसलं. मग एकेक रेघ कुठं खोल सुरू होते आणि कुठं उथळ होत सुटते, ते भिंगातून बघत राहिले. गिऱ्हाईक ताटकळलं होतं, तरी मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं पंख माझ्या हातावर ठेवत म्हणाले,

“डावखुरा व्हता हाऊ.”