एकच कँटाटा, दोनदा

सांक्ट गालनहून निघालेली छोटी गाडी डोंगर चढत ट्रोगेनला येते आणि तिथेच थांबते. रूळ इथे संपतात. स्वित्झर्लंडच्या या गावात एक चौक आहे. चौकाभोवती जुन्या कापड-व्यापाऱ्यांचे उंच वाडे उभे आहेत आणि मधोमध १७८२ साली बांधून झालेलं चर्च.

२००६ पासून जवळपास दर महिन्याला, एखाद्या शुक्रवारी, इथे लोक जमतात ते अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याचा एक कँटाटा ऐकायला. एका संध्याकाळी एकच, पण दोनदा.

कँटाटा म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्यमेळ यांनी मिळून सादर करायची रचना, बहुधा वीस-पंचवीस मिनिटांची. बाखचे असे सुमारे दोनशे कँटाटा टिकले आहेत. ते सगळे इथे सादर करायचे, त्याला पंचवीसेक वर्षं लागली तरी चालतील, असा इथल्या बाख प्रतिष्ठानचा संकल्प आहे.

संध्याकाळ सुरू होते ती बोलण्याने. संचालक रुडॉल्फ लुट्झ पियानोपाशी बसतात, सोबत धर्मशास्त्राचे एक अभ्यासक. एकाने शब्द उलगडायचा, दुसऱ्याने त्या शब्दाखाली बाखने कोणते सूर ठेवलेत ते लगेच वाजवून दाखवायचं.

कँटाटा क्रमांक १४० घ्या. ‘जागे व्हा, हाक येते आहे.’ बायबलमधला दहा कुमारींचा दृष्टांत: मध्यरात्री नवरदेव येतो, पाचजणींच्या दिव्यात तेल असतं, पाचजणींच्या नसतं. त्यावर फिलिप निकोलाई या जर्मन धर्मगुरूने लिहिलेलं स्तोत्र १५९९ मध्ये छापलं गेलं, आणि बाखने तेच पायाला घेतलं. सुरुवातीला तंतुवाद्यं आणि ओबो हे सनईसारखं वाद्य आळीपाळीने एक ठसकेदार लय टाकतात, जणू मिरवणूक जवळ येते आहे. वरच्या पट्टीतल्या गायिका मात्र स्तोत्राची मूळ चाल लांब, संथ स्वरांत गातात.

आणि मधला तो भाग. व्हायोलिन आणि व्हायोला एकाच सुरावटीत एक डौलदार चाल वाजवतात. इतकी पूर्ण, की आणखी काही हवं असं वाटतच नाही. मग टेनर, म्हणजे उंच पट्टीतला पुरुष गायक, येतो, स्तोत्राचं कडवं घेऊन. व्हायोलिन त्याच्यासाठी थांबत नाहीत, तोही त्यांच्यासाठी नाही. पहारेकऱ्याची हाक आणि मनातला आनंद, दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. आधी दोन्ही चाली सुट्ट्या ऐकल्या, की त्या एकत्र येतात तेव्हा कान दोन्ही धरून ठेवू शकतो. समजावून सांगण्याचं मोल मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं.

यानंतर चर्चमध्ये कँटाटा होतो. वाद्यं बाखच्या काळच्या घडणीची, व्हायोलिनला तातीच्या तारा. आवाज थोडा खरबरीत, बोलका.

तो संपला की एक पाहुणा उठतो. लेखक, डॉक्टर, शास्त्रज्ञ, कुणीही. संगीताचा जाणकार असायलाच हवा असं नाही. त्या शब्दांनी आपल्या आत काय हललं, ते तो सांगतो. मराठी माणसाला हे परकं वाटणार नाही. कीर्तनात मूळ पद होतं, मग निरूपण, आणि बुवा फिरून त्याच पदावर येतात. बाख जिथे काम करायचा त्या जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये त्याचा कँटाटाही प्रवचनाला लागूनच होत असे.

पण तिथल्या श्रोत्याला तो एकदाच मिळे. हा १४० क्रमांकाचा कँटाटा ज्या रविवारचा, तो ट्रिनिटी या, ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येणाऱ्या सणानंतरचा सत्ताविसावा रविवार. ईस्टर फार लवकर आला, तरच तो पंचांगात उगवतो. बाखच्या लाइपझिगमधल्या सत्तावीस वर्षांत तो दोनदाच आला: १७३१ आणि १७४२. मध्ये अकरा वर्षं.

ट्रोगेनमध्ये पाहुणा खाली बसतो, वादक तारा पुन्हा जुळवतात. ओबो आणि तंतुवाद्यं तीच लय टाकतात. आणि त्या मधल्या भागात, व्हायोलिनची चाल सुरू होताच, अख्खं चर्च टेनरची वाट पाहू लागतं.