कपाटातली टेकडी

श्रोतेहो, नमस्कार.

मी टायपिस्ट आहे. गेली सव्वीस वर्षं पुण्यात विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करते, पानं लावते, बाइंडिंगला पाठवते. विद्यापीठ चौकापासून माझी खोली चालत पंधरा मिनिटांवर. सबमिशनच्या दिवसांत रात्री साडेअकरालाही दाराशी कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन उभं असतं. "ताई, तेवढी अनुक्रमणिका बदलायचीय." त्यामुळे या शहरातली मुलं काय शोधतात आणि काय लिहितात, ते परीक्षकांच्या आधी माझ्या नजरेखालून जातं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी प्रबंधाच्या मागच्या पानांविषयी सांगते. परिशिष्टं कुणी वाचत नाही. व्हायवाला गाईड आणि रेफरी प्रकरणांवर बोलतात, निष्कर्षांवर वाद घालतात. पण मला विचाराल तर मुलांनी उन्हातान्हात फिरून जे गोळा केलेलं असतं ते परिशिष्टात असतं. कसब्यातल्या तांबट आळीवर एका मुलीने काम केलं होतं. ती कारागिरांच्या शेजारी बसून मठारकामाचे, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यावर हातोडीने ठोके देण्याचे, आवाज मोबाइलवर घ्यायची. ठोके कुठे दाट पडतात, कुठे विरळ, कारागीर हात का थांबवतो, हे तिने विचारून विचारून लिहून घेतलं. हंडा, घंगाळ, बंब हे शब्द आपल्याला माहीत असतात. पण भांड्याच्या एकेका भागाला आणि हातोडीच्या एकेका घावाला तिथे काय म्हणतात, ती सगळी यादी तिच्या तिसऱ्या परिशिष्टात होती. टाइप करताना मी दोनदा थांबले. आजीच्या तोंडी ऐकलेला आणि मग पार विसरलेला एक शब्द तिथे होता.

विषय किती तऱ्हेचे असतात! एकाच आठवड्यात माझ्याकडे ज्ञानेश्वरीतल्या क्रियापदांवरचा प्रबंध असतो, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेवरचा असतो, आणि आकड्यांच्या तक्त्यांनी भरलेला रसायनशास्त्राचाही असतो. सगळ्यांचं सगळं मला कळतं असं नाही, पण कुणी मनापासून केलंय आणि कुणी उरकलंय, ते तक्त्यांवरूनही ओळखू येतं.

आता टेकडीची गोष्ट.

बरीच वर्षं झाली, वनस्पतिशास्त्राचा एक विद्यार्थी एम.एस्सी.चा लघुप्रबंध घेऊन आला होता. वेताळ टेकडीवरची झाडं. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात, पहिला शब्द मोठ्या अक्षराने, दुसरा लहान, हे मला त्यानेच शिकवलं. शेजारच्या रकान्यात मराठी नावं होती : मोई, सालई, मेडशिंगी, हेकळ. ही नावं त्याने टेकडीवर गुरं चारणाऱ्या माणसांकडून घेतली होती. झाड कुठे सापडलं, खाणीच्या कुठल्या अंगाला, पायवाटेपासून किती पावलांवर, तेही लिहिलं होतं. लावलेली गिरिपुष्पाची, म्हणजे बाहेरून आणलेल्या ग्लिरिसिडियाची, झाडं त्याने वेगळी मोजली होती.

पुढे सोळा वर्षांनी दुसरा एक मुलगा आला. त्याचा विषय तोच, टेकडीही तीच. मी म्हटलं, "अरे, ही यादी मी आधी टाइप केलीय." त्याचा चेहरा उतरला, त्याला वाटलं विषयच गेला. मी म्हटलं, "गेला कसा? सोळा वर्षांपूर्वीची टेकडी तुला आयती मिळतेय!"

तो जुना लघुप्रबंध शोधायला गेला. ज्या विभागात तो जमा झाला होता तिथे कळलं की खोली रंगवायला काढली तेव्हा जुने गठ्ठे रद्दीत गेले. पीएच.डी.चा प्रबंध असता तर असं झालं नसतं. २००९ पासून यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांमुळे पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी लागते आणि ती 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. एम.ए., एम.एस्सी.च्या लघुप्रबंधांना असं हक्काचं घर नाही. ते विभागाच्या कपाटात राहतात, आणि कपाट भरलं की जातात.

माझ्याकडे एक सीडी होती. ती चालली. पण फाइल श्रीलिपीतली, जुन्या फाँटची. नव्या संगणकावर उघडली तर रफार भलत्याच अक्षरावर, अर्धी अक्षरं गायब, मेडशिंगीची ओळखसुद्धा पटेना. आम्ही दोघं एका रविवारी सकाळी बसलो. तो शास्त्रीय नावावरून मराठी नाव सांगायचा, मी स्क्रीनवरचा चोथा वाचून ते बरोबर आहे का बघायचे. मध्ये दोनदा चहा झाला. संध्याकाळी सहा वाजता यादी पुरी झाली. कुठली झाडं अजून आहेत, कुठली त्याला दिसलीच नाहीत, गिरिपुष्प कुठवर पोचलं, या सगळ्याचं त्याचं एक अख्खं प्रकरण झालं. त्याच्या गाईडना तेच प्रकरण सगळ्यात आवडलं.

त्या दिवसापासून मी या विषयावर बोलायची संधी सोडत नाही.

कारण मुलांचं काम म्हणजे केवळ सराव, अशी आपल्याकडे समजूत आहे. मार्क मिळाले, डिग्री मिळाली, संपलं. पण शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. तिथे हंगामामागून हंगाम विद्यार्थी खपले. घरांच्या जमिनी, जळलेलं धान्य, हाडं, रांजण एकेक करून नोंदले गेले, म्हणून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पिकवत होता ते आज आपल्याला सांगता येतं.

आपल्या सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या, मुलांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह केला. वजन जेमतेम किलोभर. २२ जून २०१६ ला तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटच्या पाठीवर गेला. दिशा सांभाळायला त्याला वीज लागत नव्हती, आत चुंबकं बसवलेली होती आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने तो स्वतःला सावरायचा. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवणं हे त्याचं काम. मी रेडिओवरून बोलतेय म्हणून हे मुद्दाम सांगते. पण मला खरं कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. या कामाला कितीतरी वर्षं लागली. सुरुवात करणारी मुलं पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली होती. एका तुकडीने लिहून ठेवलं, पुढच्या तुकडीने ते वाचलं आणि काम पुढे नेलं. वह्या रद्दीत गेल्या असत्या तर उपग्रह जमिनीवरच राहिला असता.

आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या अखेरीस, इथल्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने तिच्या मार्गदर्शकांबरोबर जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक दीर्घिका शोधली. विश्व सुमारे दीडशे कोटी वर्षांचं असतानाच ती चांगली चक्राकार, दोन बाहू पसरून बसलेली. तिचं नाव ठेवलं 'अलकनंदा'. बातमी वाचली तेव्हा वाटलं, हीसुद्धा कुणाच्या तरी खोलीत रात्री साडेअकराला अनुक्रमणिका बदलत असेल.

नाटकवाल्या मुलांचं काय? पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. जुलै-ऑगस्टच्या पावसात कॉलेजांच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली तालमी चालतात. मग भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" सुरू होतं आणि तासाभराच्या त्या एकांकिकेत मुलं जीव ओततात. संहिता टाइप करायला ती माझ्याकडे येतात. पाचवा खर्डा, सहावा खर्डा. दिग्दर्शकाच्या प्रतीत समासभर पेन्सिलीच्या खुणा असतात : इथे निळा, इथे अंधार, इथे तिने वळायचं नाही. करंडक कुणाला मिळाला ते पेपरात येतं. ती पेन्सिलीच्या खुणांची प्रत दोन वर्षांनी कुठे असते, हे खुद्द दिग्दर्शकालाही सांगता येत नाही. एका मुलाने मला तोंडावर सांगितलं, "ताई, ती हॉस्टेल सोडताना राहिली." हेच कॉलेजच्या नियतकालिकांचं आणि भित्तिपत्रकांचं. एखाद्याची पहिली कविता ड्रॉइंगपेपरवर स्केचपेनने लिहिलेली असते, पुढच्या महिन्यात त्यावर दुसरा कागद चिकटतो.

मी आता एक करते. कुणाचंही काम असो, जाताना विचारते, "एक प्रत माझ्याकडे राहू दे का?" नाही म्हणणारे थोडे. स्पायरल केलेल्या प्रतींचं एक लोखंडी कपाट भरलंय, दुसरं घेतलंय. फाइल युनिकोडमध्ये बदलून दोन ठिकाणी ठेवते. श्रोतेहो, तुमच्या माळ्यावर तुमचा किंवा तुमच्या मुलांचा असा लघुप्रबंध असेल, एकांकिकेची संहिता असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला देऊ नका. तुमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथपालांना फोन करा. निदान स्कॅन तरी करून ठेवा.

त्या टेकडीवाल्या मुलाने नव्या कामाच्या संदर्भसूचीत पहिल्या मुलाचं नाव घातलं. नाव घालायचं तर कळवायला हवं, म्हणून आम्ही कुठून कुठून नंबर मिळवला. तो आता बँकेत आहे, विदर्भात. झाडांशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. मी स्पीकर लावला होता. यादी सापडली, कुणीतरी वापरली, हे ऐकून तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "खाणीच्या वर एक मोई होती, वाकडी. आहे का अजून?"

"आहे," हा मुलगा म्हणाला. "यंदा फुललीय."